अळणी चीज

पेणमध्ये अजून चार-दोन माणसं मला आडनावाने ओळखत नाहीत, ‘अळणी चीजवाले’ म्हणून ओळखतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. बाजारात कुणी मागून तशी हाक मारली की मान जरा ताठच होते. ज्या तालुक्याच्या खाडीकाठाला मैलोन् मैल मिठागरं पसरलेली होती, तिथे मीठ नसलेला पदार्थ विकून मी बारा वर्षं घर चालवलं.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्याची यशोगाथा लिहा’ असं सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. लिहायला बसलो आणि तिसऱ्या पानावर अडलो. या यशोगाथेत कासू गावातलं एक घर येतं. ते वगळून लिहिलं असतं तर वाचणाऱ्यांना काही कळलं नसतं, पण मला कळलं असतं. तेव्हा ते घर वगळत नाही. फक्त आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर माझी चूक कुणाच्या लक्षात यायची नाही.

मी एकवीस वर्षं एका दूध डेअरीच्या चीज विभागात होतो. डेअरी बंद पडली आणि मी, माझी बायको सुलभा आणि माझा बडबडा स्वभाव असे तिघे पेणच्या रामवाडीतल्या घरी परत आलो. हातात एकच विद्या होती, चीज वितळवणं. लोकांना वाटतं चीज विस्तवावर धरलं की वितळतं. तसं होत नाही. नुसतं तापवलं की तूप एकीकडे सुटतं आणि उरलेल्याचा रबरासारखा गोळा होतो. ब्रेडवर लावता येईल असं मऊ, एकजीव स्प्रेड करायचं तर त्यात एक पांढरी पूड घालावी लागते, सोडियम सायट्रेट. ही पूड तूप आणि चोथा यांचं भांडण मिटवते. जिभेला ती जवळजवळ लागतच नाही. चवीसाठी जे मीठ घालतात ते वेगळं.

आता पुढचं नीट वाचा. ज्याला प्रेशर आहे, ज्याचं हृदय थकलंय, त्याला डॉक्टर मीठ बंद करायला सांगतात ते मिठातल्या सोडियमसाठी. सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं. आणि ते फक्त मिठात नसतं. खाण्याच्या सोड्यात असतं, पापडखारात असतं आणि त्या पांढऱ्या पुडीत तर नावातच असतं. आमच्या डेअरीत प्रयोगशाळेच्या भिंतीवर याचा तक्ता टांगलेला होता. एकवीस वर्षं त्या तक्त्याखाली उभा राहून मी चहा प्यायलो आहे.

पेणला आल्यावर आमच्या डॉक्टरांनीच कल्पना दिली. त्यांच्याकडे येणारे निम्मे पेशंट सुकट, पापड, लोणच्यावर वाढलेले. मीठ तोडा म्हटलं की जेवणच तोडायचे. काहीतरी चवीचं पण बिनमिठाचं करून द्या, असं ते म्हणाले. मी आठवड्यात करून दिलं. चीज बिनमिठाचं लावलं, स्प्रेडमधलंही मीठ काढलं, त्याने ते जरा सैल झालं, म्हणून पांढरी पूड चिमूटभर वाढवली. लसूण, मिरी घातली. डब्यावर सुलभाने सुंदर अक्षरात लिहिलं, ‘मीठ न घातलेले’.

डब्यावर लिहिलेलं खरं होतं. पूड वाढवताना तक्ता मला आठवला होता हेही खरं आहे. मी मनाशी म्हटलं, माणूस ब्रेडला कितीसं लावतो, एक चमचा. एका चमच्याने काय होतंय.

गिऱ्हाइकं भराभर मिळाली. रोह्याच्या कारखान्यांतले लोक रात्रीची शिफ्ट सुटली की स्टेशनवर डबा घ्यायला यायचे. आठवड्यातून दोनदा मी सकाळच्या रोहा गाडीने ओल्या फडक्यात गुंडाळलेले डबे घेऊन निघायचो, वाटेत कासूला एक डबा उतरवायचा आणि पुढे रोहा. गाडीत मिठागरावर काम करणारे एक म्हातारे आजोबा नेहमी भेटायचे. मी काय विकतो ते कळल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “आमी उन्हात मरून मीठ काढायचं नि तू त्याच्याबिगर खायला शिकवतोस व्हय लोकांना? पोटावर पाय देतोस काय रं आमच्या?” पुढच्या आठवड्यात त्यांनीच एक डबा मागून घेतला. म्हातारीचं प्रेशर वाढलं होतं.

कासूचा डबा म्हात्रे गुरुजींचा. गुरुजी निवृत्त शिक्षक, उंच, कडक, पांढराशुभ्र लेंगा-सदरा. हृदयाचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी त्यांचं मीठ जवळजवळ पूर्ण बंद केलं होतं. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई खाडीकाठच्या मिठागरवाल्या घरातल्या. बोलणं थोडं, हात सतत कामात. डबा घ्यायला स्टेशनवर त्याच यायच्या. त्यांनी नवऱ्यासाठी घरातलं लोणचं शेजारी देऊन टाकलं होतं, सुकटीची बरणी माहेरी पोचवली होती, आणि स्वतःसुद्धा अळणीच जेवत होत्या. एकदा मी विचारलं, तुम्हाला काय गरज, तर म्हणाल्या, “त्यांच्यासमोर बसून खारवलेलं कसं खाऊ? जीभ काय एकालाच हाय?”

गुरुजींना आमचं स्प्रेड इतकं आवडलं की ते ब्रेडला लावायच्या भानगडीत पडायचे नाहीत. तांदळाच्या भाकरीबरोबर सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. दिवसभरात त्यांना चव लागायची ती तेवढीच. आठवड्याला एकाचे दोन डबे झाले, दोनाचे तीन. मी खूश. माझ्या मालाला मिळालेली ती शाबासकीच होती, तीही एका शिक्षकाकडून.

पावसाळ्यानंतर गुरुजींच्या पायांना सूज यायला लागली. घोटा दाबला की बोटाचा खड्डा तसाच राहायचा. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, सूज हटेना. एके दिवशी मी दवाखान्यात डबे द्यायला गेलो तर डॉक्टर वैतागलेले. म्हात्रे गुरुजींच्या पोटात कुठून तरी मीठ जातंय, म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं मला विचारलं, “तुमच्यात मीठ नाही ना?”

मी म्हटलं, “मीठ नाही.”

त्यांनी मान हलवली आणि पुढचा पेशंट बोलावला. मला तिथेच थांबून ‘पण पूड आहे’ एवढे तीन शब्द बोलता आले असते. मी पायात चपला घातल्या आणि बाहेर पडलो. रस्ताभर हिशेब करत होतो. एक चमचा नव्हे, दोन वाट्या. रोज. तक्ता डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

दोन दिवसांनी कासूची खेप होती. मंजुळाबाई स्टेशनवर आल्या नाहीत, म्हणून डबा घेऊन मी घरी गेलो. ओटीवर गुरुजी आरामखुर्चीत, पाय स्टुलावर. त्यांचे धाकटे भाऊ रोह्याहून आले होते. स्वयंपाकघरातले सगळे डबे बाहेर काढून ओटीवर मांडले होते आणि भाऊ एकेक झाकण उघडून हुंगत होते. मंजुळाबाई दाराला टेकून उभ्या होत्या.

भाऊ म्हणाले, “वहिनी, डॉक्टर खोटं बोलतायत का? मीठ जातंय ते कुणाच्या हातून जातंय? या घरात रांधतं कोण?”

त्यांनी मिठाची बरणी उचलून वहिनींपुढे धरली.

“मिठागरावरचा हात तुमचा. चिमूट पडत असेल न कळत. आम्ही मुद्दाम घालता म्हणत नाही.”

मंजुळाबाई म्हणाल्या, “भावजी, मी मिठात वाढलेय. डोळं बांधून चिमूट दिलीत तर सांगीन कुठल्या मिठागराची हाय. मला न कळत मीठ पडत नाय.”

“म्हणजे कळून पडतं.”

हे वाक्य गुरुजींचं होतं. आवाज न चढवता, वर्गात मुलाची चोरी पकडल्यावर बोलावं तसं. मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग का कोण जाणे, माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात डबा होता. भावाने तो माझ्या हातून घेतला, डब्यावरचं सुलभाचं सुंदर अक्षर वाचलं आणि म्हणाले, “हे बघा वहिनी, परका माणूस काळजी घेतो. आणि तुम्ही.”

मी चहा घेतला नाही, एवढीच माझी मर्दुमकी. परत निघालो तेव्हा भाऊ मिठाची बरणी भिंतीतल्या कपाटात ठेवून त्याला कुलूप लावत होते. चावी गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात गेली.

घरी आलो, तयार केलेला सगळा माल परसात खड्डा करून पुरला आणि पुडीची पिशवी बाहेर काढली. सुलभाने काय झालं विचारलं नाही. “पिशवीवर काय लिहिलंय ते मला वाचता येतं,” एवढंच म्हणाली.

इथून पुढचे अठरा दिवस हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम आहे. गुन्ह्याच्या पोटातून आलेलं असलं तरी ते चांगलं आहे, आणि ते मी अभिमानाने सांगणार आहे.

पुडीवाचून स्प्रेड करायचं, हे डेअरीतल्या साहेबांना सांगितलं असतं तर ते हसले असते. मी चीज वितळवणंच सोडून दिलं. ताजं गाईचं दूध तापवायचं, खाली उतरवून लिंबाच्या रसाने फाडायचं. फाटलेलं दूध फडक्यात गाळायचं आणि खाली गळलेली निवळी टाकून द्यायची. मग चोथा साध्या कोमट पाण्याने दोनदा धुवायचा, म्हणजे आंबटपणा जातो आणि दुधातला थोडा खारेपणाही जातो. तो कोमट असतानाच घरचं लोणी आणि साय घालून वाटायचा. हे सगळं जमलं, पण वाटलेलं रवाळ व्हायचं. जिभेवर कण लागायचे. सात वेळा केलं, सात वेळा कण.

तो रवा एका वाटीत घेऊन मी मूर्तिकार वामनरावांकडे गेलो. वामनराव माझे जुने गिऱ्हाईक. गणपतीच्या हंगामात त्यांचं प्रेशर मूर्तींच्या उंचीबरोबर वाढायचं. त्यांनी वाटीत अंगठा घातला, बोटावर घासला आणि जणू मी शाडू मातीच आणलीय अशा थाटात म्हणाले की याला पाणी एकदम पाजलंस तू. माती भिजवताना पाणी वरून ओतलं की बाहेरचा चिखल होतो आणि आत खडा राहतो. थोडं पाणी शिंपडायचं, मळायचं, ओलं फडकं टाकून ठेवायचं, परत शिंपडायचं, परत मळायचं. पाणी आपण घालायचं नसतं, मातीने मागायचं असतं. “तू दूधवाला झालास तरी पेणचाच ना? येवढं कळायला नको?”

मी घरी येऊन साधं पाणी कोमट केलं. चमचाभर घालायचं, वाटायचं, ओलं फडकं टाकून थांबायचं. परत चमचाभर. पहिल्या दिवशी चार तास लागले, पण पाट्यावरून जे उतरलं ते लोण्यासारखं होतं. एक कण नाही. चवीला अलिबागचा पांढरा कांदा मंद विस्तवावर तासभर भाजून त्याचा गर घातला, भाजलेली लसूण, भरड मिरी आणि लिंबाच्या सालीचा कीस. कांद्याच्या गोडव्यामुळे जीभ मीठ मागायचं विसरते. बाजारात मिठाऐवजी वापरायची दुसरी पूड मिळते, ती सुचवणारेही भेटले. ज्यांच्या किडन्या अधू आहेत त्यांना ती घातक ठरू शकते हे डॉक्टरांना विचारून घेतलं आणि तो नाद सोडला. आता मी प्रश्न पूर्ण विचारायला शिकलो होतो.

एक अडचण राहिली. मीठ नाही, पूड नाही, म्हणजे माल टिकत नाही. तीन दिवसांत संपवायचा, तोही थंडाव्यात. म्हणून दोन खेपांच्या चार केल्या, डबे लहान केले आणि बर्फाची पेटी घेतली. दूध पहाटे फाडायचं, सकाळच्या गाडीला माल तयार. बारा वर्षांत एकही डबा नासका दिला नाही. पुढे पनवेलपासून मागणी आली, मोठ्या भांड्यात करून द्या म्हणाले. नाही म्हटलं. चमचाचमचाने पाजायची वस्तू मोठ्या भांड्यात होत नाही. आजही माझी ही कृती या भागातल्या दहाबारा घरांत होते, कारण जो मागेल त्याला मी ती शिकवली.

नवा डबा कासूला गेला. महिन्याभरात गुरुजींची सूज उतरली. डॉक्टर खूश, भाऊ खूश. आणि मी काय करून ठेवलंय ते मला तेव्हा कळलं. सगळ्यांनी हिशेब असा मांडला, की कुलूप लावलं आणि सूज उतरली. म्हणजे मीठ मंजुळाबाईच घालत होत्या. आधी नुसता संशय होता. मी गुपचूप चूक सुधारली आणि संशयाचा पुरावा झाला.

सुलभा म्हणाली, आता तरी जाऊन सांगा. मी म्हटलं, सूज उतरली ना, आता कशाला. ती डबे पुसत होती. न वळता म्हणाली, “पायाची उतरली.”

मी गेलो नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी पेशंट पाठवणं बंद केलं असतं, रोह्याच्या लोकांनी मागचे सगळे डबे आठवले असते, धंदा बसला असता. अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण साधं होतं. ‘परका माणूस काळजी घेतो’ हे वाक्य मला आवडलं होतं.

गुरुजी आणखी चार वर्षं जगले. कुलूप चारही वर्षं होतं. मी डबा द्यायला जायचो तेव्हा कधी कधी दिसायचं, पाहुण्यांच्या जेवणासाठी मीठ हवं म्हणून मंजुळाबाई ओटीवर येऊन हात पुढे करून उभ्या आहेत, गुरुजी खिशातून चावी काढून देतायत आणि कपाट बंद होईपर्यंत तिकडे बघतायत. गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की बायकोपासून आपला जीव सांभाळायचा आहे. त्यांच्या दहाव्याला मी गेलो होतो. भावाने चारचौघांत माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, यांच्यामुळे दादा चार वर्षं जास्त जगला. मंजुळाबाई आत होत्या. त्यांना ऐकू गेलंच असेल.

गेल्या महिन्यात, तिसऱ्या पानावर अडल्यावर, मी रोह्याला गेलो. मंजुळाबाई आता रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात मुलीकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढे, नजर कमी झालीय, हात तसेच. मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. मी समोर बसलो, हे लिहायचंय म्हणालो आणि सगळं सांगितलं. पूड, तक्ता, डॉक्टरांचा प्रश्न, माझं उत्तर, पुरलेला माल. त्या सोलत राहिल्या. माझं संपलं तेव्हा हात थांबले.

“त्यांना ठाव होतं?”

“नाही. मी सांगितलं नाही.”

“म्हंजे ते गेले ते तसंच समजून.”

“हो.”

त्यांनी आणखी एक वाल सोलला. मी माफी मागितली. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्या हळूहळू सांगायला लागल्या. मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा तिच्या जेवणासाठीसुद्धा मीठ मागून घ्यावं लागलं. माहेरी भाऊबीजेला गेल्या की भावजया हसून म्हणायच्या, वन्सं, मीठ इथं उघडं हाय. त्या हसायच्या. आणि एका वर्षी त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं, की पडत असेल का खरंच माझ्या हातून. तेव्हापासून त्यांनी रांधताना चिमटीत काही नाही ना, म्हणून एकेक बोट मोजून बघायला सुरुवात केली.

“अजून मोजते,” त्या म्हणाल्या. “येवढं वाईट केलंत तुमी.”

मी उठायला लागलो. त्यांनी बसवलं. सुपातले वाल माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, नुसते ऐकायला आलात काय, हात चालवा. मग विचारलं की हे मी लिहिणार म्हणजे कुठे लिहिणार. मी अंकाचं सांगितलं. तो रोह्यात येतो का, भावजींचा मुलगा वाचतो का, माहेरच्या गावात जातो का, हे सगळं विचारून घेतलं.

“मग लिवा. नि इथं आणून वाचून दावा.”

परवा वाचून दाखवलं. पहिल्या खर्ड्यात मी त्यांचा उल्लेख ‘एका शिक्षकांच्या बिचाऱ्या पत्नी’ असा केला होता. त्यांनी मला तिथेच थांबवलं.

“बिचारी काढा. मी काय बिचारी नव्हते. नि नाव घाला. तेव्हा चार गावांत माझंच नाव झालं होतं, आता का झाकता?”

शब्द काढला. नाव घातलं.

मंजुळा दामोदर म्हात्रे यांनी कासूच्या घरात नवऱ्याच्या ताटात कधीही मीठ घातलं नाही. त्यांचा हात चुकला नव्हता. सोडियम माझ्या डब्यातून गेलं, मला माहीत असताना गेलं.